अजिंठ्याची पहिली खेप: सव्वीस नंबरपासून सुरुवात करा

जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं. तीच वाघूर वर सातमाळ्याच्या डोंगरात अजिंठ्याच्या लेण्यांखालून घोड्याच्या नालेसारखं वळण घेऊन खाली उतरते. लेणी आज सोयगाव तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. तरी डोंगराचं पाणी खानदेशात येतं आणि लेण्यांना सोयीचं रेल्वे स्टेशनही आपलं जळगावच. इतक्या जवळ असूनही आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी अजिंठा एकदाच पाहिलेला असतो, तोही शाळेच्या सहलीत. रांगेत गेलो, एक नंबरमधलं चित्र पाहिलं, माकडांनी डबा पळवला, परत आलो. "सव्वीस नंबर पाहिलंत का?" असं विचारलं की माणूस आठवायला लागतो.

माझंही तसंच झालं होतं. पहिल्या खेपेला एकपासून सुरुवात केली, सतराव्या लेण्यापर्यंत पाय भरून आले, ऊन चढलं आणि तिथूनच मागे फिरलो. सव्वीस पाहायला पुढे कितीतरी वर्षं लागली. त्या दिवशी आत पाऊल टाकलं तेव्हा आपण केवढं सोडून गेलो होतो ते कळलं. तेव्हापासून घरी पाहुणे आले आणि अजिंठ्याचं नाव निघालं की मी त्यांना उलट्या क्रमाने नेतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवस कसा लावावा आणि मूर्तींपाशी कसं थांबावं, ते इथे सांगतो. चित्रांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते दगडातल्या मूर्तींबद्दल.

जाण्याआधी दोन शब्द समजून घ्या

तिथे सगळ्यालाच 'लेणी' म्हणतात, पण आत दोन वेगळ्या वास्तू आहेत. विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा: मधे चौकोनी दालन, कडेने खोल्या, आणि पुढच्या काळातल्या विहारांत मागच्या भिंतीत बुद्धमूर्तीचा गाभारा. चैत्यगृह म्हणजे वंदनेची जागा: लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, वर कमानदार छत आणि टोकाला स्तूप. ज्याला आपण 'मंदिर' म्हणू ते हेच. एकूण ३० लेण्यांत ९, १०, १९, २६ आणि अर्धवट राहिलेलं २९ ही चैत्यगृहं, बाकी बहुतेक विहार.

काळही दोन आहेत. ९ आणि १० ही सर्वांत जुनी चैत्यगृहं, इसवी सनापूर्वीची. तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवत नसत, स्तूपालाच वंदन करत. पुढे काही शतकं काम जवळजवळ थांबलं आणि पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात पुन्हा जोरात सुरू झालं. १९ आणि २६ ह्या दुसऱ्या काळातली, म्हणून तिथे स्तूपाच्याच अंगावर बुद्ध कोरलेले दिसतात आणि भिंती मूर्तींनी भरलेल्या. एवढं डोक्यात असलं की पुढचं आपोआप उलगडत जातं.

दिवस कोणता धरावा

सोमवारी लेणी बंद असतात. हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा, कारण रविवारची सुट्टी हुकली की "चला, सोमवारी जाऊ" असं कोणीतरी म्हणतंच. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत गर्दी फार, म्हणून मधला वार बरा.

श्रावण ते माघ हा चांगला काळ. पावसाळ्यात डोंगर हिरवागार, लेण्यांच्या टोकाशी सप्तकुंडाचा धबधबा भरून वाहतो. मात्र पायऱ्या निसरड्या होतात आणि ढगाळ दिवशी आत अंधार जास्त. थंडीत चालायला सुख. उन्हाळ्यात, विशेषतः वैशाखात, काळा पाषाण असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. बुद्ध पौर्णिमा मात्र नेमकी वैशाखात येते आणि त्या दिवशी तिथे जाण्याची ओढ अनेकांना असते. गेलात तर सकाळी लवकर जा, डोक्याला रुमाल आणि पाणी भरपूर ठेवा.

पोहोचायचं कसं

जळगावहून लेणी साधारण ६० किलोमीटर. धुळे-नंदुरबारकडून येणार असाल तर आदल्या रात्री जळगावात मुक्काम करा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ह्या बाजूचे लोक सुरतकडच्या रेल्वेने थेट जळगावला उतरतात, चाळीसगाव-पाचोऱ्याचे मुख्य लाइनने. भुसावळकरांना जामनेर-पहूर असा रस्ता सरळ पडतो.

जळगावच्या बसस्थानकावरून संभाजीनगरकडे जाणारी एसटी पहूर, फर्दापूर करत जाते. आता नवख्याची हमखास चूक होते ती जागा. तिकीट काढताना नुसतं "अजिंठा" म्हणू नका. अजिंठा नावाचं गाव वेगळं आहे, घाट चढून वर, आणि लेणी तिथे नाहीत. कंडक्टरला "अजिंठा लेणी, फर्दापूरचा फाटा" असं स्पष्ट सांगा. फर्दापूर गाव गेलं की थोड्याच अंतरावर हा फाटा येतो, त्याला सगळे 'टी पॉइंट' म्हणतात. घाट लागला म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

स्वतःची गाडी असली तरी ती फाट्यावरच्या वाहनतळावर लावावी लागते. तिथून पुढचे चार किलोमीटर बसने. गाड्यांच्या धुरापासून लेणी वाचावीत म्हणून ही सोय केलेली आहे, म्हणून कुरकुर करू नका. बसच्या थांब्याकडे जाताना दुकानांची रांग लागते, दगडगोटे आणि माळा विकणारे आग्रह करतात. घ्यायचं असेल ते परत येताना घ्या, नाहीतर दोन किलोचे दगड दिवसभर खांद्यावर वागवावे लागतील.

बस उतरलात की तिकीटखिडकी. भारतीयांना ४० रुपये असा दर मी देत आलो आहे, १५ वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही, बसभाडं वेगळं. स्वच्छतागृह इथेच आहे, वर नाही. पाण्याच्या बाटल्या इथेच भरून घ्या.

पिशवीत काय असावं

सहज काढता-घालता येणारी चप्पल किंवा सँडल, कारण बऱ्याच लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि बुटाच्या नाड्या बांधता-सोडताना दिवस जातो. थंडीत मोजे. एक लहान बॅटरी जवळ असावी, पण ती फक्त पायापुढची पायरी पाहायला. चित्रांवर मारायची नाही, फ्लॅशलाही मनाई आहे. म्हातारं माणूस बरोबर असेल तर काठी.

जेवण घरून न्यायचं असेल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ह्याहून बरं काही नाही: सांडत नाही, खराब होत नाही, दुपारी झाडाखाली बसून खाता येतं. थंडीत कोणी भरीत बांधून आणतं, तेही खाली पायथ्याशी, बसच्या थांब्याजवळच खा. लेण्यांच्या वाटेवर खाण्याची पिशवी उघडी दिसली की माकडं झडप घालतात. केळी हातात धरून चालणं म्हणजे तर आमंत्रणच.

आणखी एक गोष्ट जपा. कातळाला मधमाश्यांची मोठी पोळी लटकलेली असतात. आरडाओरडा, धूर, दगड मारणं ह्यातलं काहीही करू नका आणि त्या दिवशी उग्र अत्तरही लावू नका. मुलांना हे खाली असतानाच बजावून सांगा.

आता सरळ टोकाला चला

लेणी नऊच्या सुमारास उघडतात. त्या वेळी तिकीट हातात असेल तर दिवस तुमचा. सुरुवातीच्या पायऱ्या चढल्या की समोर एक नंबर येतं आणि सगळी गर्दी तिथेच रांग लावते. तुम्ही थांबू नका. नदीच्या वळणाबरोबर डोंगराच्या कडेने बांधलेली वाट आहे, चढउतार आहेत, पण फार दमवणारी नाही. रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही सव्वीसच्या अंगणात पोहोचता. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी डोली मिळते, चार माणसं खांद्यावरून नेतात. दर आधी नीट ठरवून घ्या आणि नेणाऱ्यांना मधे विसावा घेऊ द्या.

उलटं का जायचं, ह्याला कारण आहे. लेणी नालेसारख्या वळणावर असल्याने प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. सव्वीसचं तोंड उगवतीकडे, तिथे सकाळचा उजेड आत येतो. एक-दोनकडे दुपारनंतरचा उजेड चांगला. शिवाय सकाळी पाय ताजे असतात, मन ताजं असतं, आणि सव्वीसमध्ये तुमच्याशिवाय चार माणसंही नसतात.

सव्वीस नंबर

आधी बाहेर उभं राहून दर्शनी भाग पाहा. चैत्याची मोठी कमानदार खिडकी, तिच्याभोवती लहान-मोठ्या बुद्धमूर्ती. व्हरांड्याच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने हे चैत्यगृह करवलं. अश्मक देशाच्या राजाचा मंत्री भव्विराज हा त्याचा जिवलग. भव्विराजाच्या, तसंच स्वतःच्या आईवडिलांच्या पुण्यासाठी बुद्धभद्राने ते अर्पण केलं आहे. धर्मदत्त आणि भद्रबंधू ह्या शिष्यांनी कामावर देखरेख केली. त्या लेखात म्हटलं आहे की जगात माणसाची आठवण जोवर ताजी असते तोवर तो स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्र-सूर्य असेतो टिकेल असं काम डोंगरात करून ठेवावं. आत जायच्या आधी बरोबरच्यांना हे वाक्य सांगा. मग आतली प्रत्येक मूर्ती कोणीतरी कोणाच्यातरी आठवणीसाठी दिली आहे हे लक्षात राहतं.

आत गेल्यावर लगेच चालू लागू नका. पाच मिनिटं एका जागी उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू खांब दिसतात, मग खांबांवरची नक्षी, मग टोकाचा स्तूप आणि त्यावर पाय खाली सोडून सिंहासनावर बसलेले बुद्ध. जे घाईने फिरून बाहेर येतात त्यांनी निम्मं पाहिलेलंच नसतं.

मग डाव्या बाजूच्या अरुंद वाटेत शिरा. खांबांची ओळ आणि भिंत ह्यांच्या मधली ही वाट स्तूपाला वळसा घालून उजवीकडून परत येते. तिथूनच प्रदक्षिणा करायची, स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून. ह्या वाटेची भिंत मूर्तींनी भरलेली आहे.

आत शिरताच डावीकडे महापरिनिर्वाणाची मूर्ती लागते. जवळजवळ सात मीटर लांब. बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले, हात उशाशी, डोळे मिटलेले. डोक्याशी आणि पायाशी शालवृक्ष. कुशीनगरला वयाच्या ऐंशीव्या वर्षी शेवटचा श्वास घेतला तो प्रसंग. कृपा करून मुलांना "बुद्ध झोपलेत" एवढंच सांगून पुढे नेऊ नका. खाली बैठकीच्या पट्टीत शिष्यांची रांग आहे, तिच्यापुढे उकिडवे बसून एकेक चेहरा पाहा. कोणी डोकं हातात धरलेलं, कोणी मान खाली घातलेली. पायांपाशी हातावर डोकं टेकून बसलेला शिष्य आनंद, पंचवीस वर्षं सावलीसारखा बरोबर राहिलेला. तिकाटण्यावर टांगलेलं पाण्याचं भांडंही कोरलं आहे, प्रवासातल्या भिक्खूचं. वर आकाशातून देव उतरताहेत, वाद्यं वाजताहेत. वर उत्सव, खाली शोक, आणि मधे ती संथ आडवी आकृती.

अमळनेरच्या माझ्या मावशीला मी इथे आणलं तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढे होतं. इतिहास तिला कोणी सांगितलेला नव्हता. ती खांबाला न टेकता खाली बसली, बराच वेळ खालची रांग पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आठे ते बठ्ठा रडी राह्यनात, नि तो पहाय कसा शांत निजेल शे." मी तिला जेवढं सांगणार होतो ते सगळं त्यात येऊन गेलं.

त्याच भिंतीवर थोडं पुढे माराचा पराभव आहे. मार म्हणजे मोह आणि भीती घालून बुद्धांचं ध्यान मोडू पाहणारा. मधे बोधिवृक्षाखाली बुद्ध, उजवा हात जमिनीकडे. ही भूमिस्पर्श मुद्रा: "माझ्या तपाची साक्षीदार ही धरती आहे." भोवती माराची फौज, हत्तीवर स्वार मार, विद्रूप तोंडांचे सैनिक, आणि खाली नाचत मोह घालणाऱ्या माराच्या मुली. एवढा कल्लोळ भोवती असताना मधल्या चेहऱ्यावर एक रेषही हललेली नाही.

बाकीच्या भिंतीवर बसलेले, उभे असलेले बुद्ध ओळीने. नीट पाहिलं तर ते एका आराखड्यातले वाटत नाहीत: एक मोठा, शेजारी लहान, मधेच रिकामी जागा. हरिषेणानंतर मोठ्या दात्यांचा आश्रय आटला, तरी भिक्खू आणि उपासकांनी जिथे जागा मिळाली तिथे आपापल्या परीने मूर्ती करवून घेतल्या, असं अभ्यासक मानतात. अजिंठ्यात अशा मूर्तींच्या खाली "देयधर्म" अशी सुरुवात असलेले छोटे लेख सापडतात. म्हणजे हे शाक्यभिक्खू अमक्याचं धर्मदान. बाहेरच्या मोठ्या लेखाइतकाच मला हा साध्या माणसांचा ओळीतला वाटा मोलाचा वाटतो.

मूर्तींना हात लावू नका. रोज शेकडो हातांचं तेल-घाम दगडावर चढतं आणि नाकडोळे झिजत जातात. हार, अगरबत्ती, मेणबत्ती आत न्यायची नाही. वंदना म्हणायची असेल तर हात जोडून हलक्या आवाजात म्हणा. कमानीखाली हलका सूरही बराच वेळ घुमतो, मोठ्याने म्हणण्याची गरजच पडत नाही. आणि दुसरं कोणी वंदना म्हणत असेल तर मोबाइल खाली ठेवून बाजूला थांबा. आपल्याला ती पाहायची जागा असेल, त्यांना ती श्रद्धेची आहे.

परतीच्या वाटेवर

चोवीस नंबर अर्धवट राहिलेलं आहे आणि म्हणूनच पाहण्यासारखं. पूर्ण झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. लेणं खोदतात ते वरून खाली: आधी छत, मग खांब मोकळे करत जमीन. पायाड लागत नाही, आणि चुकलं तर दगड परत जोडता येत नाही. ह्या लेण्यात छिन्नीचे घाव आणि अर्धे सुटलेले खांब तसेच आहेत. मुलांना हे आधी दाखवा, मग १९ दाखवा.

एकोणीस लहान आहे, पण माझ्या मते दर्शनी भागात ह्याच्या तोडीचं दुसरं नाही. कमानीच्या दोन्ही बाजूंना भरदार यक्ष उभे, खाली दाराशी आणि कडेने ओळीने बुद्ध. अंगणात डाव्या हाताच्या भिंतीवर नागराज राणीसह निवांत बसलेला आहे, डोक्यामागे फण्यांचं वलय. बहुतेक लोक सरळ दारात शिरतात आणि हा मागे राहतो. आत स्तूपावर उभे बुद्ध, आणि त्यावर एकावर एक तीन छत्रं, छताला भिडतील इतकी उंच. सगळं एकाच दगडातून.

आता खानदेशच्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट. सतराव्या लेण्यातल्या शिलालेखात हरिषेणाचा मांडलिक असलेल्या एका स्थानिक राजाची हकिगत आहे. त्याचा मुलूख ऋषीक, आणि ऋषीक म्हणजे आजचा खानदेशाचा भाग असं अभ्यासक मानतात. त्याचा धाकटा भाऊ रविसांब गेला. त्या दुःखाने राजाचं मन संसारातून उडालं आणि त्याने हा विहार करवला, पश्चिमेला गंधकुटी, म्हणजे बुद्धांचं निवासस्थान मानली जाणारी वास्तू, करवली. ती गंधकुटी म्हणजे हेच एकोणीस नंबर, असं समजलं जातं. आपल्या मुलखातल्या एका भावाचं दुःख ह्या दगडात आहे. मी दर वेळी सतरामध्ये हे सांगतो आणि मग बरोबरच्यांना त्याच लेण्यातलं चित्र दाखवतो: भिक्षापात्र घेऊन दारी आलेले बुद्ध, समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. बुद्ध भिंतीएवढे उंच, मायलेक अगदी छोटे.

सोळाच्या पायथ्याशी दोन दगडी हत्ती आहेत, तिथे विसावा घ्या. दहा नंबरला जरूर जा. हे सर्वांत जुनं. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ह्याच लेण्याची कमान नदीपलीकडून दिसली आणि त्याने आत येऊन खांबावर आपलं नाव कोरलं. त्या नावाकडे बोट दाखवून मुलांना एवढंच सांगा की असं करायचं नसतं. मग मूर्ती नसलेला तो साधा, गुळगुळीत स्तूप पाहा. सव्वीस पाहून आल्यावर हा साधेपणा फार बोलतो.

सात नंबर बाहेरून विशेष वाटत नाही. पण गाभाऱ्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर बुद्ध कोरलेले आहेत, कमळाच्या देठांवर ओळीमागून ओळ. श्रावस्तीला बुद्धांनी एकाच वेळी अनेक रूपं दाखवली, ती कथा. सहा-सातच्या आसपास लोक दमलेले असतात आणि वगळून जातात. तुम्ही वगळू नका.

दोन नंबरमध्ये आत उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यात हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसलेले आहेत. हारिती ही मुलं पळवून खाणारी यक्षीण. बुद्धांनी तिचंच लाडकं मूल लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं, आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. आपल्याकडे सटवाईला मानतात त्या बायकांना ही कथा चटकन भिडते. मूर्तीच्या अगदी खालच्या पट्टीत, वाकल्याशिवाय दिसत नाही अशी, एक शाळा कोरलेली आहे. एका टोकाला छडी घेतलेले मास्तर. त्यांच्या पुढ्यातली पोरं मान खाली घालून अभ्यासात, आणि मागच्या बाकावरची म्हणावी अशी, एडक्यांशी खेळण्यात दंग. पाचव्या शतकातली शाळा. लहान मुलं बरोबर असली तर इथे त्यांना दहा मिनिटं मोकळी सोडा, ती स्वतःच शोधून काढतात.

एक नंबर सर्वांत शेवटी. इथे एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात, म्हणून रांग असू शकते, पण दुपारनंतर ती ओसरते. पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र सगळे पाहतात, तुम्हीही पाहाच: हातात कमळ, डोक्यावर मुकुट. मुकुट आणि दागिने दिसले की बोधिसत्त्व, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा, आणि साधं चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, दिसलं की बुद्ध, ही खूण सगळ्या लेण्यांत उपयोगी पडते. मग गाभाऱ्यापुढे थांबा. आतल्या बुद्धमूर्तीचे दोन्ही हात छातीशी, धर्मचक्र मुद्रा. बैठकीवर चक्र आणि हरणं, म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन. तिथला माणूस दिवा एका बाजूने धरतो तेव्हा चेहरा हसरा वाटतो, दुसऱ्या बाजूने गंभीर, समोरून शांत. बाहेर पडताना खांबावरची चार हरणं शोधा: धडं चार, डोकं एकच, आणि ते कुठल्याही धडाला बरोबर बसतं.

उतरताना

लेणी संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. साडेचारला खाली येण्याच्या तयारीला लागा, कारण बसला त्या वेळी एकदम गर्दी होते. फाट्यावर आल्यावर जळगावकडे जाणाऱ्या एसटीला हात करा. संध्याकाळच्या गाड्या घाटावरून भरून येतात, म्हातारी माणसं बरोबर असतील तर फर्दापूरपर्यंत रिक्षाने जाऊन थांब्यावर उभं राहणं बरं. भूक लागली तर फर्दापूर-पहूरच्या धाब्यांवर शेवभाजी मिळते.

एका दिवसात तीसही लेणी उरकायचा हट्ट धरू नका. २६, १९, १७, १०, २, १ एवढी नीट झाली तरी पहिली खेप पुष्कळ झाली. आणि मूर्तींची गोडी लागली तर पुढच्या वेळी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याला जा. तिथे दरीत बऱ्याच पायऱ्या उतरून जावं लागतं, गर्दी नसते, आणि विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग ओळीने कोरलेली आहे. तिथे सापडलेल्या एका बुटक्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव आहे: कान्हदास, धंद्याने सोनार. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हत्ती मात्र अजून तिथेच उभे आहेत. पाणी आणि डबा घरूनच न्या, जवळपास काही मिळत नाही.